पाण्याचा दुसरा ग्लास

वेटरने पाण्याचा दुसरा ग्लास आणून ठेवला आणि आई उठून उभी राहिली.

व्हिएन्नातला आमचा पहिलाच दिवस. ऑक्टोबर संपत आलेला, बाहेर भुरभुर पाऊस, आणि आम्ही दोघी मुक्कामापासून चार पावलांवरच्या एका कॉफीघरात शिरलो होतो. प्रसिद्ध वगैरे नाही, गल्लीतलंच. संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीला लागून लाल मखमलीची बाकं. माणसं बसून बसून मखमलीचं मधेमधे टक्कल झालेलं. काळ्या जाकिटातला, साठीला टेकलेला वेटर लांबट ट्रेमधून कॉफी घेऊन आला. कपाशेजारी पाण्याचा छोटा ग्लास आणि ग्लासच्या तोंडावर चमचा पालथा घातलेला. आईला तो चमचा फार आवडला. "झाकण ठेवल्यासारखं केलंय गं," म्हणाली. मग आप्फेलश्ट्रुडेल आला, कोमट, वर पिठीसाखर, आत सफरचंद, मनुका आणि दालचिनी. पहिला घास घेऊन तिने निकाल दिला, "सफरचंदाची करंजी आहे ही. तळायचा कंटाळा केलाय." पाऊण तास गेला असेल. वेटर आला, तिचा रिकामा ग्लास उचलला, भरलेला ठेवला आणि एक शब्द न बोलता गेला. आई उठली. पर्स खांद्याला, शाल गळ्याभोवती. "चल, आटप. लोक खोळंबले असतील."

कुणीही खोळंबलं नव्हतं. निम्मी टेबलं रिकामी होती. खिडकीपाशी एक आजीबाई पेपर वाचत होत्या आणि त्यांच्या पायाशी त्यांचा कुत्रा झोपला होता. बशीत अर्धा श्ट्रुडेल तसाच. पानात टाकलेलं अन्न बघून जिचं डोकं फिरतं, तिने अर्धा श्ट्रुडेल टाकला होता. आणि तिचं सोडा, मीही उठले. 'आई, बस गं' एवढं म्हणायला काय झालं होतं? पण कुणीतरी हलकेच मानगूट धरून उचलावं तशी मीही उठले, पैसे दिले. वेटरने आधी बशीकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "नॉट गुड?" त्याने विचारलं. आई घाईघाईने म्हणाली, "नो नो, व्हेरी नाइस." मग आम्ही बाहेर येऊन छपराखाली पाऊस थांबायची वाट बघत उभ्या राहिलो.

आम्हाला कुठेही जायचं नव्हतं.

रात्री घरमालकीणबाईंना हे सांगितलं तर त्या खळखळून हसल्या. त्यांचं म्हणणं असं, की दुसरा ग्लास 'बसा' म्हणायला असतो. कॉफी संपली म्हणून काय झालं, पाणी ताजं आहे, निवांत बसा. हवा असेल तर तिसराही येईल. बिल तर तुम्ही मागितल्याशिवाय तो आणणारच नाही, न मागता आणलं तर तो पाहुण्याचा अपमान. मी हे आईला मराठीत सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग एकदम चिडून म्हणाली, "मग तोंडाने सांगायचं ना!"

पण तोंडाने सांगायची पद्धत आपल्याकडे तरी कुठे आहे? आपल्या हॉटेलात पाण्याचे ग्लास बसल्याबसल्या येतात, एका हातात चार, प्रत्येकात एक बोट बुडालेलं. आणि उठवायची भाषाही ठरलेली. आधी 'अजून काही?', मग तोच प्रश्न वेगळ्या सुरात, मग कोपराजवळून फिरणारं ओलं फडकं, मग बडीशेपेच्या बशीत बिल. त्याआधीच शेजारी एक कुटुंब येऊन उभं असतं. त्यांचा मुलगा आपल्या डोशाकडे बघत असतो आणि डोशाचा शेवटचा तुकडा आपण चावतो की गिळतो ते कळत नाही. या शाळेत पन्नास-साठ वर्षं काढल्यावर टेबलाशी आलेला कुठलाही वेटर म्हणजे घंटाच वाटणार. त्यातून आईची नोकरी टेलिफोन खात्यातली. सुरुवातीची बरीच वर्षं ती ट्रंक बोर्डावर, म्हणजे परगावचे फोन जोडून द्यायला होती. ज्यांनी ट्रंक कॉल लावले आहेत त्यांना ते बायकी, निर्विकार 'थ्री मिनिट्स' आठवत असेल. माणसं लग्न ठरल्याचं सांगत असायची, कुणी गेल्याचं सांगत असायची, आणि मध्ये शिरून वेळ संपल्याची वर्दी देणं हे आईचं काम होतं. "एक्स्टेंड करू का?" असंही विचारायचं असे, पण करा म्हणणारे थोडे. बहुतेक जण उरलेली वाक्यं एका दमात कोंबून फोन ठेवत. "मी आयुष्यभर लोकांना वेळ संपल्याचं सांगितलं," त्या रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या ती म्हणाली. "मला कळणार नाही होय, दुसरा सांगतो ते?"

आता थोडं या प्रवासाविषयी. आई व्हिएन्नाला याआधी येऊन गेली होती. २००६ साली बाबा रिटायर झाले आणि फंडाच्या पैशांतून दोघं युरोपची टूर करून आली. १२ दिवस, ८ देश. अल्बममध्ये शोनब्रुन राजवाड्यासमोर बाबांचा फोटो आहे, टूरची टोपी घातलेली आणि डोळे नेमके मिटलेले. राजवाड्यात १४४१ खोल्या आहेत आणि यांना मिळाली होती पन्नास मिनिटं, त्यातली पंधरा स्वच्छतागृहाच्या रांगेत गेली. बाबा जाऊन आता सहा वर्षं झाली. मी ठरवलं, आईला घेऊन जायचं, पण एकच शहर, दहा दिवस, घर भाड्याने घ्यायचं, सकाळी घाई नाही. मनातून मला या बेताचा अभिमान होता. लोक झेंड्यामागे धावतात, आम्ही रमतगमत जाणार. ऑफिसात दोघातिघांना मी हे जरा ऐकू जाईल अशा बेताने सांगितलंही होतं.

आणि इथे येऊन पहिल्याच दिवशी पाण्याच्या ग्लासने आम्हाला पळवून लावलं.

आमचं घर योझेफश्टाट भागात, शंभर वर्षांहून जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. म्हणजे म्हणायला तिसऱ्या, कारण या शहरात तळमजला आणि पहिला मजला यांच्यात 'मेत्सानिन' वगैरे नावांचे मजले घुसवलेले असतात आणि गुडघ्यांना ते मोजावेच लागतात. दर मजल्यावर श्वास घ्यायला थांबताना आईला जिन्याजवळ भिंतीत बसवलेलं बिडाचं नक्षीदार कुंड दिसलं, त्यावर पितळी तोटी. याला बास्सेना म्हणतात. घराघरांत नळ नव्हते तेव्हा सगळा मजला इथेच पाणी भरायचा. मी हे वाचून दाखवेपर्यंत आई पुढे गेली होती. "सार्वजनिक नळ! म्हणजे भांडणं होत असणार." भांडणं होतच होती, आणि नळावरच्या कुचाळक्यांसाठी व्हिएन्नाच्या बोलीत 'बास्सेनाट्राच' असा खास शब्द आहे. शनिवार पेठेतल्या वाड्यात वाढलेल्या बाईला तो समजावून सांगावा लागला नाही. तिने तोटी फिरवून पाहिली. पाणी आलं नाही. तरी रोज चढताना ती त्या कुंडाच्या कडेवर हात टेकून उभी राहायची. एरवी राजवाडे-पुतळ्यांशी तिचं काही बोलणं होत नव्हतं. हे मात्र ओळखीचं निघालं.

पाण्याचं हे प्रकरण मग मला सोडेना. व्हिएन्नाच्या नळाला येतं ते डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी. एकोणिसाव्या शतकात शहरातल्या विहिरींच्या घाण पाण्याने कॉलरा-टायफॉइड पसरायचा, म्हणून आल्प्समधून थेट वाहिनी बांधली. १८७३ साली बादशहा फ्रान्त्स योझेफच्या हस्ते श्वार्त्सेनबर्ग चौकातल्या कारंज्यापाशी तिचं उद्घाटन झालं. १९१० साली दुसरी वाहिनी आली, तिचं पाणी स्टायरियाच्या डोंगरांतून सुमारे १८० किलोमीटर येतं. पंप नाही, नुसता उतार. डोंगरातून निघालेलं पाणी शहरात पोचायला जवळपास दीड दिवस लागतो. हे ऐकून आई म्हणाली, "कात्रजचं पाणी असंच यायचं की शनिवारवाड्यापर्यंत. पेशव्यांनी आणलेलं. मग हौदात पडायचं." तिच्या लहानपणी वाड्याच्या हौदात वाकून पाहिलं की खोल आत थंडगार हवा लागायची, पोरांनी नाव हाकारलं की हौद नाव परत द्यायचा. पुढे हौद बुजवला. त्यावर पार्किंग झालं. हे ती तक्रारीच्या सुरात म्हणत नव्हती. त्या पार्किंगमध्ये बरीच वर्षं बाबांची स्कूटरच उभी असायची.

निवांतपणाचं म्हणाल तर तो जमायला आम्हाला चार दिवस लागले, आणि मला वाटतं आईला माझ्याआधी जमला. मी सकाळी उठून आज काय 'करायचं नाही' याचं वेळापत्रक बनवायचे. कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये फक्त ब्रॉयगेलचं दालन बघायचं असं मी ठरवलं होतं, कारण त्याची इतकी चित्रं एकत्र दुसरीकडे कुठेच नाहीत. दालनात बसायला सोफे आहेत. आई 'बर्फातले शिकारी' या चित्रासमोर बसली. १५६५ सालचं चित्र, पांढरं-हिरवट आकाश, काळी झाडं, दमलेली कुत्री घेऊन उतरणारे तीन शिकारी, खाली गोठलेल्या तळ्यावर मुंग्यांएवढी माणसं खेळताहेत. मी बाकीची चित्रं पाहून, त्याच्याच 'बाबेलचा मनोरा' या चित्रासमोरचे कॅमेरे संपायची वाट पाहून परत आले तरी ती तिथेच. "तिघांत मिळून एकच कोल्हा मारलाय बघ," ती म्हणाली. "घरच्या बाईने काय शिजवायचं त्याचं?" मग बोटाने, काचेपासून अंतर राखून, तिने मला लांबच्या पुलावरून जाणारी एक आकृती दाखवली, पाठीवर लाकडांची मोळी. मी हे चित्र कॅलेंडरांवर, पुस्तकांत कितीदा पाहिलं होतं. मोळी कधी दिसली नव्हती. तिचं पुढचं वाक्य आलं, "सगळे खेळताहेत, हिला काम." आणि त्यानंतर अर्धा तास ती काही बोलली नाही. पहारेकरीण दोनदा येऊन बघून गेली. आई उठली नाही.

संध्याकाळी चौकात भाजलेल्या चेस्टनटची गाडी लागायची. कागदाच्या पुडीतून हात भाजत ते खाताना मी तिला विचारलं, "टूरपेक्षा बरं वाटतंय ना गं?" मला हवं होतं ते उत्तर मिळालं नाही. ती म्हणाली, "त्या टूरमध्ये कंटाळायला वेळच नव्हता." मग थोडं थांबून, "बसमध्ये आम्ही दोघं शेजारी बसायचो रोज सहा-सहा तास. एवढं सलग शेजारी आम्ही लग्न झाल्यापासून बसलो नव्हतो. त्यांची ड्यूटी दिवसा, माझी कधी रात्री. खिडकीतून काय दिसायचं ते मला आठवत नाही. थेपल्यांचा डबा मांडीवर असायचा आणि ते मला नकाशात दाखवत बसायचे, आता आपण इथे आहोत." मी पुडीतला करपलेला चेस्टनट सोलत राहिले. ज्या टूरला मी इतकी वर्षं मनातल्या मनात नावं ठेवत आले, तिच्या बसमध्ये आईबाबांचं असं काही चाललं होतं. मला शोनब्रुनला जाऊन बाबांच्या फोटोची नेमकी जागा शोधायची होती, तसा बेत मी गुपचूप आखला होता. आईने तो एका वाक्यात मोडला. "फोटो आहे की. तिथे जाऊन काय करायचं?"

शिवाय हा निवांतपणा म्हणजे काही कुणाचा उपजत गुण नव्हे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी व्हिएन्नात माणसं कॉफीघरात तासन्‌तास बसायची त्यामागे मोठं कारण होतं घर. खोल्या थंड, कोंदट, माणसांनी भरलेल्या. काही जण तर नुसती खाट भाड्याने घ्यायचे आणि तीही दिवसातल्या ठराविक तासांपुरती, एक उठला की दुसरा झोपणार. आपल्याकडचं कॉट बेसिस. अशा माणसाला एका कपाच्या पैशात शेगडीची ऊब, दिवा, काठीला लावलेले दहा पेपर आणि टेबल मिळत असेल तर तो कशाला उठेल? पेटर आल्टेनबर्ग नावाचा लेखक तर आपला पत्ता म्हणून कॉफीघराचाच पत्ता द्यायचा. कॅफे सेंट्रलच्या दारात आज त्याचा पुतळा खुर्चीवर बसलेला आहे. २०११ साली ऑस्ट्रियाने ही कॉफीघराची संस्कृती आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत घातली. आता नावाजलेल्या कॉफीघरांसमोर फुटपाथवर रांगा असतात. निवांत बसण्यासाठी पाऊण तास रांगेत उभी असलेली माणसं बघून आईने विचारलं, "इथे कसलं दर्शन आहे?"

१ नोव्हेंबरला सुट्टी होती. ट्रॅममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, हातोहाती शेवंतीच्या कुंड्या आणि लाल काचेतल्या मेणबत्त्या. ७१ नंबरची ट्रॅम मध्यवर्ती दफनभूमीला जाते, आणि व्हिएन्नाचे लोक कुणी गेला की म्हणतात त्याने ७१ पकडली. त्या दिवशी मात्र सगळे परतीचं तिकीट काढून निघाले होते. दफनभूमी एवढी मोठी की आत बस फिरते. बेटहोफन, शुबर्ट, ब्राम्स शेजारी शेजारी आहेत, तिथे गर्दी होती. आम्ही तिकडे पाच मिनिटं थांबलो असू. आईला साध्या थडग्यांच्या रांगांत जास्त रस होता. बायका गुडघ्यावर बसून पाला झाडत होत्या, ओल्या फडक्याने दगड पुसत होत्या, नवऱ्याला वहाणा काढायला सांगावं तशा सुरात दगडाशी बोलत होत्या. ओल्या पानांचा आणि मेणाचा वास मिसळलेला. "सर्वपित्री आहे यांची," आई म्हणाली. बाकावर बसून आम्ही डब्यातल्या दशम्या खाल्ल्या. एक घास तिने कागदावर काढून बाकाच्या टोकाला ठेवला. कावळा आला. आपल्या कावळ्यासारखाच, अंगावर जरा जास्त राखाडी. तिने माझ्याकडे पाहिलं नाही आणि मीही काही विचारलं नाही.

परतीचं विमान संध्याकाळचं होतं. दिवाळी आठवड्यावर आली होती, आईच्या डोक्यात चकलीची भाजणी सुरू झालेली. बॅगा भरून झाल्यावर ती आपणहून म्हणाली, "चल, त्याच्याकडे जाऊन येऊ." तेच कॉफीघर, तेच बाक, तोच जाकीटवाला. आईने यादीत बोट ठेवून आइनश्पेनर मागवली. काचेच्या पेल्यात काळी कॉफी आणि वर सायीचा ढीग. एका घोड्याच्या बग्गीवरून हे नाव पडलं, हे कळल्यापासून आई तिला टांगा म्हणत होती. "आणि श्ट्रुडेल," तिने बजावलं, "मागचा अर्धा राहिलाय."

श्ट्रुडेल संपला. पाणी संपलं. वेटर आला, रिकामा ग्लास उचलला, भरलेला ठेवला. मी श्वास धरून आईकडे पाहिलं. तिचा हात पर्सकडे गेला. पर्समधून तिने प्रवासाची बाटली काढली, झाकण उघडलं आणि शांतपणे ग्लासमधलं पाणी बाटलीत ओतलं, एक थेंब न सांडता. "आई, विमानतळावर ओतून टाकायला लावतील."

"तेव्हाचं तेव्हा. दीड दिवस चालत आलंय बिचारं."

वेटर काउंटरपाशी उभा राहून हे सगळं बघत होता. चेहऱ्यावर काही नाही. तो आत गेला आणि तिसरा ग्लास घेऊन आला. आईने ग्लासकडे पाहिलं, त्याच्या पाठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "आता काय म्हणतोय हा?"

"तेच म्हणतोय."

"विमान कितीचं आहे?"

मी सांगितलं. तिने मनात हिशोब केला, पर्स खांद्यावरून काढून बाकावर ठेवली, बशीतला चमचा कागदाने पुसला आणि ग्लासच्या तोंडावर पालथा घातला.